अमेरिकेतल्या छोट्या शहराचा पोलीस चीफ निवडताना: पॅनेलवर पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

सिटी हॉलमधून ईमेल आला तेव्हा आधी मला ती फसवणूकच वाटली. शहरासाठी नवा पोलीस चीफ शोधतोय, उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या नागरिकांच्या पॅनेलवर याल का, अशी विचारणा होती. लायब्ररीच्या सल्लागार मंडळावर मी दोन वर्षं होते, तिथूनच कुणीतरी नाव पुढे केलं असणार. कराडला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तू पोलिसांना प्रश्न विचारणार?"

विचारले. चार उमेदवार, प्रत्येकी 45 मिनिटं, मधे सँडविचची सुट्टी. त्यानंतरच्या काळात आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या तिघांना त्यांच्या त्यांच्या शहरातून असंच बोलावणं आलं आणि तिघांनीही रात्री साडेनऊला फोन करून तेच ते प्रश्न विचारले. म्हणून एकदाच लिहून काढते. माझा अनुभव कॅलिफोर्नियातल्या साठेक हजार वस्तीच्या शहराचा आहे. दुसऱ्या राज्यांतले जे नियम पक्के माहीत आहेत ते जागच्या जागी सांगते.

पायरी 1: चीफ नेमतं कोण, ते आधी शोधा

आपल्या डोक्यातलं चित्र इथे उपयोगाचं नाही. महाराष्ट्रात एसपीची नेमणूक राज्य सरकार करतं, ठाण्याचा पीआय बदलीवर येतो आणि बदलीवर जातो, नगराध्यक्षाच्या वाट्याला स्वागताचा गुच्छ तेवढा येतो. अमेरिकेत पोलीस यंत्रणाच सुमारे 18 हजार आहेत, आणि स्थानिक पोलीस खात्यांपैकी जवळपास निम्म्यांत दहाहून कमी पूर्णवेळ अधिकारी. बहुतेक शहरं आपला चीफ जाहिरात देऊन, अर्ज मागवून स्वतःच निवडतात. चीफ हा शहराचा पगारी नोकर असतो, आणि त्याला घरी पाठवायचं झालं तरी ते शहरानेच.

पण शहराने म्हणजे नक्की कुणी? छोट्या शहरांत बहुधा निवडून आलेलं कौन्सिल एक सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा रोजचा कारभार बघणारा पगारी अधिकारी, नेमतं आणि तो मॅनेजर चीफ नेमतो. म्हणजे महापौरांना भेटून फारसं काही हलत नाही. काही शहरांत उलट असतं: महापौर नाव ठरवतो आणि कौन्सिल मंजुरी देतं. विस्कॉन्सिनमधल्या बहुतेक शहरांत पोलीस आणि फायरचं वेगळं कमिशन असतं, चीफ ते नेमतं. न्यू जर्सीत साधारणपणे खात्यातल्याच अधिकाऱ्याला बढती मिळते, त्यामुळे तिथल्या एडिसन गावातल्या मैत्रिणीला देशभरातले अर्ज वगैरे माझं वर्णन परीकथेसारखं वाटलं. आणि काही शहरांना चीफ नेमायचाच नसतो. क्युपर्टिनोचं स्वतःचं पोलीस खातं नाही, ते सँटा क्लारा काउंटीच्या शेरीफकडून करारावर पोलीस घेतात.

शेरीफवरून आठवलं. मुंबईचा शेरीफ हे शोभेचं मानाचं पद आहे. इथला काउंटीचा शेरीफ बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो आणि त्याच्याकडे तुरुंगाच्या किल्ल्या असतात. दोघांची गल्लत करू नका, मी पहिल्या बैठकीत केली होती.

तुमच्या शहराची पद्धत सिटी चार्टरमध्ये किंवा म्युनिसिपल कोडमध्ये लिहिलेली असते. शहराच्या संकेतस्थळावर दहा मिनिटांत सापडते. ती वाचून गेलात तर आपलं पॅनेल नक्की काय करू शकतं हे कळतं. आमचं पॅनेल शिफारससुद्धा करणार नव्हतं, फक्त मतं नोंदवणार होतं. पहिल्यांदा ऐकून हिरमोड झाला. पण सिटी मॅनेजरने आमचे कागद ओळ न ओळ वाचले होते, हे नंतर कळलं.

पायरी 2: जागा रिकामी का झाली, ते विचारा

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. आधीचा चीफ वयोमानाने निवृत्त झाला, की मोठ्या शहरात गेला, की अधिकाऱ्यांच्या युनियनने त्याच्यावर अविश्वासाचा ठराव केला? की एखादा खटला तडजोडीत मिटवताना शहराने पैसे मोजले आणि मग तो 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' गेला? उत्तरानुसार पुढचं सगळं बदलतं. नीट चाललेल्या खात्याला सांभाळणारा माणूस हवा असतो, बिघडलेल्या खात्याला वाईटपणा घेणारा. दोन्ही एकात सहसा सापडत नाहीत.

मागच्या दोन-तीन वर्षांच्या कौन्सिल बैठकांचे अजेंडे चाळा. कॅलिफोर्नियात 1953 पासून ब्राउन ॲक्ट आहे, त्यामुळे कौन्सिलला बैठका उघड्यावर घ्याव्या लागतात. नेमणुका आणि खटल्यांची चर्चा बंद दाराआड होते, पण 'बंद बैठक, प्रलंबित खटला' ही ओळ अजेंड्यावर येतेच. अशा ओळी मोजल्या तरी अंदाज येतो.

मधल्या काळात हंगामी चीफ असतो. तो आतला असेल, तर तो स्वतः अर्ज करणार आहे का हे विचारून घ्या. करणार असेल तर बाहेरचे चांगले उमेदवार कचरतात, सगळं आधीच ठरलंय असं त्यांना वाटतं. पुष्कळ शहरं त्यासाठी कुठलातरी निवृत्त चीफ आणतात. मात्र तो कॅलिफोर्नियाच्या सरकारी पेन्शनवर असेल तर त्याला एका आर्थिक वर्षात 960 तासच काम करता येतं. निवडीची घाई कधी कधी या घड्याळामुळे होते, गुन्हे वाढले म्हणून नव्हे.

पायरी 3: माहितीपत्रक छापण्याआधी बोला

सगळ्यात जास्त वजन पडतं ते इथे, आणि नेमकं इथेच आपले लोक गैरहजर असतात.

छोटी शहरं हे काम बहुधा एखाद्या सर्च फर्मला, म्हणजे उमेदवार शोधून देणाऱ्या कंपनीला, देतात. जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत चार-सहा महिने सहज जातात. फर्मचा माणूस पहिल्या महिन्यात शहरात येतो, कौन्सिल सदस्यांना भेटतो, अधिकाऱ्यांना भेटतो, एक ऑनलाइन सर्वेक्षण काढतो आणि लायब्ररीच्या हॉलमध्ये एखादी संध्याकाळची सभा घेतो. त्यावरून रंगीत माहितीपत्रक बनतं: शहर कसं आहे, कसा चीफ हवा, पगार किती. उमेदवार ते वाचून अर्ज करतात, फर्म त्यावरून चाळणी लावते, मुलाखतीचे प्रश्नही त्यातूनच निघतात. पत्रकात जे नाही ते पुढे कुठेच येत नाही.

आमच्या सभेला 22 माणसं होती, मी मोजली. त्यातले निम्मे एका चौकातल्या सिग्नलबद्दल बोलले. शाळेत चाळीस टक्के मुलं भारतीय-चिनी घरांतली, आणि सभेत आमच्यातल्या आम्ही दोघी. दिवाळीच्या सुमारास भारतीय घरं हेरून होणाऱ्या सोन्याच्या चोऱ्या, भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील, 911 ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन केल्यावर मराठी सोडा, हिंदीचा दुभाषा मिळायला किती वेळ लागतो, हे सगळं आम्ही दोघींनी तीन-तीन मिनिटांत बोलून घेतलं. पत्रकात एक वाक्य आलं: विविध भाषिक रहिवाशांबरोबर काम केल्याचा दाखवता येईल असा अनुभव. 'दाखवता येईल असा' हे शब्द सभेतल्या माझ्या सोबतिणीचे. त्या शब्दांनी पुढे मुलाखतीत एका उमेदवाराची चांगलीच पंचाईत केली.

तेव्हा सर्वेक्षण आलं की भरा, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तिथे 'सुप्रभात'च्या फुलांखाली ते गाडलं जातं, म्हणून दोनदा टाका.

पायरी 4: सही करा आणि गप्प बसा

पॅनेलवर घेताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात. हे गंभीरपणे घ्या. अर्ज करणारा माणूस आज दुसऱ्या शहरात कॅप्टन किंवा डेप्युटी चीफ आहे. तो बाहेर पडायचं बघतोय हे तिथे कळलं तर उद्यापासून त्याचा शब्द कुणी ऐकणार नाही. नवऱ्यालाही नावं सांगायची नाहीत. मी सांगितली नाहीत, त्यामुळे घरात तीन आठवडे जरा तणाव होता.

फ्लोरिडात मात्र सरकारी कागद इतके उघडे असतात की अर्जदारांची नावंच लोकांना पाहायला मिळतात. तुम्ही तिकडे असाल तर हा नियम आधी विचारून घ्या.

पॅनेलसाठी नागरिकत्व लागतं का, हा प्रश्न तिघांनीही विचारला. आमच्याकडे अट फक्त रहिवासाची होती. तुमच्या शहरात एचआरला थेट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पायरी 5: प्रश्न तयार करा, आणि काय विचारायचं नाही ते पाठ करा

प्रश्न आधी ठरलेले असतात, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. पण ते ठरवण्याच्या बैठकीला पॅनेलला बोलावतात. तिथे तुमचा एक तरी प्रश्न यादीत घालून घ्या.

नवखा माणूस विचारतो, "तुम्ही लोकांचा विश्वास कसा मिळवाल?" उमेदवार तीन मिनिटं छान बोलतो. सगळे माना डोलावतात. हातात काहीच लागत नाही, कारण हे उत्तर त्याने आरशासमोर घोटलेलं असतं. 'कराल' हा शब्द काढा आणि 'केलंत' घाला. तुमच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने चूक केली असं शेवटचं कधी घडलं? तुम्हाला कळल्यावर पहिल्या 24 तासांत तुम्ही कुणाकुणाला फोन केलेत? लोकांना काय सांगितलंत?

माझ्या डोक्यात हा प्रश्न एका प्रकरणामुळे होता. फेब्रुवारी 2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसन या छोट्या शहरात एक गुजराती आजोबा सकाळी मुलाच्या घराबाहेर फूटपाथवर फिरत होते. नातवाला सांभाळायला हात लागेल म्हणून नुकतेच आले होते. शेजारच्या कुणीतरी संशयित इसम म्हणून पोलिसांना फोन केला. अधिकाऱ्याने थांबवलं, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि काही क्षणांत त्यांना जमिनीवर आपटलं गेलं. मानेच्या दुखापतीने अंग काही प्रमाणात लुळं पडलं. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं. त्या अधिकाऱ्यावरच्या फेडरल खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि 2016 च्या सुरुवातीला न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. शहराने 2021 मध्ये साडेसतरा लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला.

यातली चीफची जागा बघा. तिथल्या चीफने आठवड्याच्या आत जाहीर माफी मागितली आणि चित्रफीत लोकांसमोर ठेवली. कोर्टाचा निकाल त्याच्या हातात नव्हता, पहिला आठवडा होता. म्हणून मी विचारते ते पहिल्या आठवड्याबद्दल. माझी आई इथे येते तेव्हा रोज सकाळी पांढरे बूट आणि साडी घालून आमच्या गल्लीत चार फेऱ्या मारते, हेही कारण आहेच.

आता काय विचारायचं नाही. आपण गप्पा सुरूच करतो "घरी कोण कोण?" असं म्हणून. इथे ते चालत नाही. वय, धर्म, मूळ देश, लग्न झालंय का, मुलं किती, तब्येत कशी, यातलं काही नाही. आमच्या पॅनेलवरचे एक काका सुट्टीनंतर आपुलकीने म्हणाले, "मुलं शाळेत असतील ना तुमची?" एचआरच्या बाई अक्षरशः खुर्चीतून उठल्या. उमेदवार हसला, पण बाईंनी तो प्रश्न आणि वेळ टिपून ठेवली. आणखी एक: "आमच्याच शहरात घर घ्याल ना?" कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार शहराला कर्मचाऱ्यावर गावातच राहण्याची सक्ती करता येत नाही, वाजवी अंतरात राहा एवढंच म्हणता येतं.

पायरी 6: मुलाखतीचा दिवस

सकाळी फाइल मिळते, संध्याकाळी परत घेतात. त्यात अर्ज, गुणांचा तक्ता आणि कोरी पानं. नोंदी कोऱ्या पानांवर करा, आणि कुणी मागितल्या तर वाचता येतील अशाच करा. उमेदवाराच्या दिसण्याबद्दल, उच्चारांबद्दल एक शब्द लिहू नका.

गुण लगेच देऊ नका. पहिल्या उमेदवाराला मी दहापैकी नऊ दिले आणि मग चौथा आला. खोडायला रबर शोधत बसले.

मोठी पदकं आणि मोठी नावं बघून दिपून जाऊ नका. एफबीआयची नॅशनल ॲकॅडमी, क्वांटिकोत दहा आठवडे, हे जवळपास सगळ्यांच्या अर्जात असतं. चांगलं शिक्षण आहे, पण त्यावरून चार जणांतला फरक कळत नाही. फरक कळतो तो आकड्यांच्या प्रश्नाला. आमच्या शहराच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पोलीस खात्याचा, आणि त्यातही ओव्हरटाइम दरवर्षी फुगतो. एकाने सांगितलं, "मी बघेन." दुसरीने आमचं बजेट वाचलेलं होतं. पान उघडून तिने विचारलं, रात्रीच्या पाळीत किमान किती अधिकारी हवेत हा आकडा कधी आणि कुणी ठरवला? खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी तिच्या नावापुढे खूण केली.

आमच्या समांतर दुसऱ्या खोलीत शेजारच्या शहरांच्या चीफ मंडळींचं पॅनेल होतं. काही शहरं त्यावर एक कसोटीही ठेवतात: उमेदवाराला वीस मिनिटं देतात, अमुक ठिकाणी गोळीबार झालाय, बाहेर पत्रकार उभे आहेत, आता बोला. तुम्हाला बघायची संधी मिळाली तर सोडू नका. माणूस माहीत नसलेलं माहीत नाही म्हणतो का, एवढंच बघा.

पायरी 7: खरी चौकशी

मुलाखत म्हणजे कांदेपोहे. मुलगा नीट बसतो, हळू बोलतो, मुलीचे वडीलही खूश होतात. पण आपल्याकडची जुनी माणसं तेवढ्यावर होकार देत नसत. मुलाच्या ऑफिसातला शिपाई, गल्लीतला वाणी, घरी कामाला येणाऱ्या मावशी, यांच्याकडे फिरून आल्यावरच बोलणी पुढे जायची. चीफच्या बाबतीत हेच काम करायचं असतं. ते तुम्ही करत नाही, शहराने नेमलेला तपासनीस करतो. पण त्याने कुणाकुणाला भेटावं हे तुम्ही सुचवू शकता, आणि सिटी मॅनेजर ते ऐकतो.

अर्जात दिलेले संदर्भ अर्थातच गोड बोलतात. जुन्या शहरातली 911 ची फोन घेणारी डिस्पॅचर, रेकॉर्ड खात्यातली कारकून, युनियनचा प्रतिनिधी, शहराचा वकील, स्थानिक पत्रकार, ही खरी माणसं. डिस्पॅचरला सगळं माहीत असतं: रात्री दोन वाजता फोन केला की चीफ उचलतो का, आणि उचलल्यावर कसा बोलतो.

कागदावरच्या तीन गोष्टी झाल्या आहेत का, ते नक्की विचारा. एक, राज्याच्या पोलीस प्रमाणन मंडळाकडची नोंद. उमेदवार परराज्यातला असेल तर इथलं प्रमाणपत्र मिळायला किती महिने लागतील, हेही. दोन, गैरवर्तनामुळे ज्यांचं प्रमाणपत्र रद्द झालं त्यांची राष्ट्रीय सूची. पण ती कोरी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. कॅलिफोर्नियात प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार देणारा कायदाच 2021 मध्ये झाला, त्याआधीचं त्या सूचीत कुठून येणार? तीन, सरकारी वकिलांकडची ब्रेडी यादी. 1963 च्या ब्रेडी खटल्यापासून आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकार पक्षाला लपवता येत नाही, आणि पोलिसाचा खोटेपणा हाही तसाच पुरावा. म्हणून ज्यांची साक्ष अशा कारणाने अडचणीची ठरते त्यांची यादी बरेच सरकारी वकील ठेवतात. यादीतल्या माणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करणं कठीण. तो चीफ झाला तर हाताखालच्यांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?

वैद्यकीय आणि मानसिक तपासणी सशर्त नेमणूकपत्र दिल्यानंतरच होते, 1990 च्या अपंगांविषयीच्या कायद्यामुळे. त्यामुळे 'नाव ठरलं' आणि 'नाव जाहीर झालं' यांच्यात महिना-दीड महिना जातो. या काळात लोक फोन करतात. पायरी 4 पुन्हा वाचा.

पायरी 8: करार आणि शपथ

करार कौन्सिलपुढे आला की तो सार्वजनिक कागद होतो. पगाराचा आकडा सगळे बघतात. तुम्ही काढून टाकण्याचं कलम बघा: किती महिन्यांचा पगार द्यावा लागेल, कोणत्या कारणाने नाही द्यावा लागणार. कॅलिफोर्नियात चीफला काढायचं तर लेखी नोटीस, कारण आणि दाद मागायची संधी द्यावीच लागते. तिथूनच कळतं की सहा महिन्यांनी 'चूक झाली' म्हणणं शहराला किती महाग पडेल. वर्षअखेरीच्या मूल्यमापनाची तारीख आणि त्याचे निकष करारात आहेत का तेही पाहा. आमच्याकडे नव्हते. मी आणि सिग्नलवाल्या एका आजोबांनी कौन्सिलपुढे तीन-तीन मिनिटं बोलून तारीख घालून घेतली. निकष अजून यायचेत.

शपथविधी कौन्सिलच्या बैठकीत सुरुवातीलाच उरकतात. बॅज घरचं माणूस लावतं. आमच्या नव्या चीफना त्यांच्या आईने लावला. हात थरथरत होते, पिन जाड कापडात शिरेना, आणि शेवटी सिटी क्लार्क पुढे होऊन म्हणाली, "आय हॅव डन धिस बिफोर." बॅज लागल्यावर चीफ फोटोसाठी थांबल्या, आणि थांबल्या थांबल्याच मला विचारलं, "तुमची आई हल्ली किती वाजता फिरायला जाते?" त्या संध्याकाळी मी पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं घालवली आणि शपथ निम्मी हुकली. तुम्ही सहाच्या बैठकीला साडेपाचला पोहोचा.